तीन दिवसांचा खण

महाविद्यालयाच्या कचेरीत रजेचं टेबल खिडकीजवळ होतं. टेबलाला तीन खण. वरच्यात शिक्के आणि शाईची गादी. मधल्यात कोरे फॉर्म. सर्वांत खालच्या खणात काय असतं, हे तेवीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी रजाकाकांनी सांगितलं नसतं.

त्यांना सगळे रजाकाका म्हणत. प्राचार्यसुद्धा. खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच सुखात होतं. वय चोपन्न. अंगाने काटकुळे. शर्टाच्या खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. लाल पेन ते क्वचितच काढत. लाल शाईने माणसाचा दिवस खराब होतो, असं त्यांचं मत होतं.

खालच्या खणाची गोष्ट जुनी होती. काका नोकरीत नवे असताना प्रयोगशाळेतला एक मदतनीस विभागप्रमुखांशी भांडला. तावातावाने खाली आला आणि वर्षभराच्या बिनपगारी रजेचा अर्ज आपटून गेला. काका तेव्हा भलतेच तडफदार होते. तासाभरात त्यांनी कागद फिरवला, सही आणली, आदेश काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी मदतनीस दारात उभा. डोळे सुजलेले.

"काका, रागात होतो हो."

पण निघालेला आदेश मागे घेता येत नाही. त्या माणसाचं वर्ष गेलं. ज्येष्ठताही गेली.

तेव्हापासून काका अर्ज मुरवायला लागले. आलेला अर्ज आधी खालच्या खणात. तीन दिवस. मग आवक-नोंदवहीत नोंद, तारखेचा शिक्का आणि पुढचा प्रवास. आजारपणाचे, बाळंतपणाचे, घरात कोणी गेल्याचे अर्ज तेवढे वगळून. ते त्याच मिनिटाला पुढे सरकत. बाकीच्यांतला कोणी ना कोणी तिसऱ्या दिवसाच्या आत परत येई. मान खाली, आवाज हळू.

"काका, तो माझा कागद... पुढे गेला का हो?"

"कुठला कागद?" म्हणत काका खण उघडत.

समोरच्याचा चेहरा उजळे. काकांना त्या चेहऱ्याची चटक लागली होती.

नऊ तारखेला, सोमवारी, मोजणीबाई आल्या. अर्थशास्त्राच्या प्राध्यापक. विद्यार्थ्यांना त्या सदानकदा काहीतरी मोजायला लावत. जिन्यावरून दिवसात किती माणसं चढतात. कोपऱ्यातला नळ किती वेळ नुसताच वाहतो. म्हणून हे नाव पडलं. ते त्यांना ठाऊक होतं आणि मुळीच लागत नव्हतं.

"काका, सहा महिन्यांची अभ्यासरजा हवी आहे. पुढच्या एक तारखेपासून."

सोबत कामगार खात्याचं पत्र होतं. मालधक्क्यावरच्या हमालांचा अभ्यास खात्याने बाईंवर सोपवला होता. तो पुरा करायचा तर बाईंना महाविद्यालयातून मोकळं करावं, अशी खात्याची विनंती होती. भाषा नम्र, शिक्का गोल, सही ठसठशीत. काकांनी मान डोलावली. मग फॉर्म पाहिला आणि मान थांबली.

फॉर्मवर एक चौकट असते. रजेच्या काळात करावयाचे काम. प्राध्यापक मंडळी तिथे 'उच्च संशोधन' लिहितात, नाहीतर 'ग्रंथालयात अध्ययन'. बाईंनी लिहिलं होतं, 'मालधक्क्यावर हमालांबरोबर बसून राहणे व बसण्याचा वेळ लिहून ठेवणे.'

"मॅडम, बसून राहणे?"

"हो."

"सहा महिने?"

"सहा महिने."

काकांना वाटलं, पुढे काहीतरी येईल. आलं नाही. बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, पर्समधून छोटी वही काढून काहीतरी टिपलं आणि निघाल्या.

शिपायाने शेजारून मान वाकवून फॉर्म वाचला. तो काकांचा जुना सोबती. तोंडाचा फटकळ.

"काका, बसून राहायला रजा लागते होय? मग आपण तर रोजच रजेवर आहोत की!"

सगळी कचेरी हसली. काकाही हसले. पण त्यांच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. भरघोस पगार, गार वर्गखोल्या, मान. हे सोडून ही बाई धक्क्यावर का बसणार? कुठेतरी काहीतरी बिनसलं असणार. विभागात खटकलं असेल, नाहीतर घरी. तीन दिवसांत येतील परत.

अर्ज खालच्या खणात गेला.

रजा समिती दोन महिन्यांतून एकदा बसे. ठरलेली तारीख वीस. पण प्राचार्य एकोणीसला मुलीकडे परगावी जाणार होते, म्हणून मंगळवारी संध्याकाळी सूचना लागली. बैठक उद्याच. काकांनी नेहमीच्या सवयीने आवक-नोंदवही उघडली, त्यातल्या अर्जांची यादी केली, फायली लावल्या. बुधवारी बैठक झाली. अर्धा तास, चहा, सह्या.

गुरुवारी काकांनी खालचा खण उघडला.

आत मोजणीबाईंचा अर्ज एवढाच. ते नुसते बघत राहिले. यादी नोंदवहीवरून केली होती. खणाची नोंद कुठल्याच वहीत नव्हती. तेवीस वर्षांत बैठक कधी अशी अलीकडे आली नव्हती आणि खणाने कधी असा दगा दिला नव्हता.

त्यांनी शिक्का उचलला. बारा तारीख उमटली. एकाची रेघ तेवढी फिकट आली.

शुक्रवारी बाई विचारायला आल्या. काकांनी नजर फायलीत ठेवली.

"मॅडम, बैठक झाली परवाच. आता पुढची दोन महिन्यांनी."

"मी नऊला दिला होता अर्ज." बाईंनी वही उघडली. "अकरा वाजून वीस मिनिटं."

"हो, पण... नोंद बाराची आहे."

आता भडका उडणार, असं काकांना वाटलं. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. बाई मात्र पुढे वाकल्या. डोळ्यांत राग नव्हता. भलतंच कुतूहल होतं.

"नऊ ते बारा कागद कुठे असतो, काका?"

"असतो... टेबलावर असतो."

"म्हणजे त्यावर काम चालू असतं?"

"तसं नाही."

"मग नुसता असतो?"

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. काका खुर्चीत आणखी खाली सरकले.

"मॅडम, रागावला नाहीत?"

"रागावून काय कळणार?" बाई समोरच्या स्टुलावर बसल्या. "सांगते. हमालांना पोत्यामागे दर मिळतो. खात्याने पोती मोजली, भाग दिला, आणि काढलं की हमाल रोज चार तास काम करतो. नवा दर त्यावरच ठरणार. पण माणसं धक्क्यावर अकरा तास असतात. मधले सात तास कुठे जातात, हे कोणी लिहिलेलं नाही. पुढचे तीन महिने माल जास्त येतो, नंतरचे तीन कमी. दोन्ही लिहायला हवं. दर ठरवायची बैठक सहा महिन्यांनी आहे. दोन महिने उशिरा गेले तर माझ्या वहीत अर्धंच सत्य येईल. अर्ध्या आकड्यावर तिथे कोणी विश्वास ठेवत नाही."

"रविवारी गेलात तर?"

"रविवारी मालगाडी लागत नाही."

बाई उठल्या. दारातून वळून म्हणाल्या, "त्या स्टुलाचा एक पाय आखूड आहे. किती दिवसांपासून?"

काकांना तेही ठाऊक नव्हतं.

शनिवारी काका पहाटे उठले. बायकोला सांगितलं, फिरायला जातो. त्यांना जन्मात कधी फिरायला जाताना तिने पाहिलं नव्हतं. पण ती काही बोलली नाही. तिचं न बोलणं काकांना बोलण्यापेक्षा जड जाई.

साडेसहाला ते मालधक्क्यावर पोचले. लांबलचक सिमेंटचा ओटा, वर पत्रे, पुढे रिकामे रूळ. तीसेक माणसं खांबांना टेकून बसलेली. कमरेला रुंद पट्टे, खांद्यावर पोत्याचा तुकडा. काका एका खांबाजवळ उभे राहिले.

"कोणत्या व्यापाऱ्याचे तुम्ही?" एका पिकल्या मिशीच्या हमालाने विचारलं. त्याला बाकीचे थोरला म्हणत होते.

"कोणाचाच नाही. बघायला आलोय."

"काय बघायला?"

"तुम्ही बसता ते."

थोरला हसला. "आणखी एक आला रे! बाईंचे का तुम्ही?"

"त्यांच्या कॉलेजातला."

"मग बसा की. उभं राहून बसणं दिसत नाही."

काका बसले. सिमेंट गार होतं. सात वाजले. साडेसात वाजले. गाडी नाही. काकांनी विचारलं, "कधी येते?"

"येते तेव्हा."

"मग घरी जाऊन थांबावं. निरोप आला की यावं."

थोरल्याने त्यांच्याकडे लहान पोराकडे बघावं तसं पाहिलं. "आणि गाडी लागली तेव्हा मी नसलो तर? टोळीत माझ्या जागी दुसरा उभा. दिवस त्याचा. मागे माझी पोरगी तापाने फणफणली होती. तिला दवाखान्यात सोडून पळत आलो. ही गाडी उभी! पट्टा बांधेपर्यंत जागा गेली. दवाखान्यात अर्ध्या तासाचं काम होतं माझं."

"तो पट्टा आता तरी सोडा. गाडी दिसली की बांधा."

"सोडला की येते बघा नेमकी," पलीकडून कोणी ओरडलं आणि हशा पिकला.

थोरला हसला नाही. "बाई पहिल्या दिवशी म्हणाल्या, तुमचं बसणंही कामच आहे, मी ते लिहिणार. आम्ही पोट धरून हसलो. मग एकेक जण गप्प झाला. आमच्या या पोराने विचारलं, बाई, मग आजवरचं लिहिणार का? तर म्हणाल्या, मागचं नाही लिहिता येत, मी बघितलेलं नाही."

पोर म्हणजे चाळिशीचा माणूस होता.

"त्या एक तारखेपासून येणार आहेत रोज," थोरला म्हणाला. "रजा मिळायची आहे म्हणे. कॉलेजात अडकलीय. मिळेल ना हो?"

काकांनी चष्मा पुसला. तो स्वच्छच होता.

नऊ वाजले तरी रूळ रिकामे. काकांची पाठ आखडली होती. काहीच केलं नव्हतं आणि दमायला झालं होतं. कारण ते सारखे रुळांकडे बघत होते. सगळेच बघत होते. गप्पा मारताना, डुलकी घेताना, प्रत्येकाचा एक कान तिकडे होता.

त्या दिवशी रजाकाका कचेरीत पंचवीस मिनिटं उशिरा आले. शिपायाने घड्याळाकडे आणि मग त्यांच्याकडे पाहिलं. "काका, तब्येत बरी आहे ना?"

संध्याकाळी काकांनी बायकोला खणाची गोष्ट सांगितली. तेवीस वर्षांत पहिल्यांदा. ती एका दवाखान्यात रुग्णांना नंबर देण्याच्या खिडकीवर बसे. गवारीच्या शेंगा मोडत तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे माझ्याकडे माणसं ताटकळतात आणि तुमच्याकडे कागद."

"अगं, चांगल्यासाठी करत होतो. किती जणांचं भलं झालं!"

"झालं असेल. माझ्या खिडकीवर माणसाला नंबर तरी कळतो. पुढे किती आहेत ते दिसतं. तुमच्या खणात त्याला काय दिसतं?" तिने एक शेंग मोडली. "विचारलंत का हो कधी कोणाला, की बाबा, तुझा अर्ज मुरवू का म्हणून?"

"विचारलं तर तो हो कसा म्हणेल?"

"नाही म्हणाला असता, तर त्याचा अर्ज त्याचा होता."

काकांनी एक शेंग उचलली. मग हळूच म्हणाले, "अधीक्षकाची जागा भरायची आहे या महिनाअखेर. मी आणि परीक्षा विभागातला चष्मेवाला. माझं नाव वर आहे."

"मला माहीत आहे. तुम्ही नवा शर्ट घेतलाय, तेव्हाच कळलं."

तिने शेवटची शेंग मोडली आणि ताट उचलून आत गेली.

सोमवारी काकांनी नियमांचं जाडजूड पुस्तक काढलं. त्यातलं एक कलम त्यांना पाठ होतं, पण कधी वापरलं नव्हतं. बैठकीआधी कचेरीत आलेला आणि कचेरीच्या चुकीमुळे मागे राहिलेला अर्ज सदस्यांकडे फिरवून सह्या घेता येतात. फक्त चूक कोणाची आणि काय, ते लिहून द्यायला हवं.

त्यांनी निळं पेन काढलं. थोडा वेळ पाहिलं. परत ठेवलं. लाल काढलं.

'सदर अर्ज दिनांक नऊ रोजी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी माझ्या हाती मिळाला. मी तो नोंद न करता तीन दिवस खणात ठेवला. ही माझी तेवीस वर्षांची पद्धत आहे. तिला कोणाची परवानगी नव्हती. अर्जदाराची काहीही चूक नाही.'

खाली पूर्ण नाव. ते लिहिताना त्यांना जरा परकं वाटलं.

दुपारी प्राचार्यांनी आत बोलावलं. दार लोटायला सांगितलं.

"काका, हे काय लिहून ठेवलंत? तेही लाल शाईत?"

"झालं ते लिहिलंय, सर."

"अहो, 'गहाळ झाला होता, आता सापडला' लिहा. कागद गहाळ कोणाकडूनही होतो. मी सह्या फिरवतो, बाईंची रजा होते, तुमचंही काही बिघडत नाही. महिनाअखेर काय आहे ते विसरलात का?"

काका विसरले नव्हते. क्षणभर त्यांना ते वाक्य फार देखणं वाटलं. मग दाराच्या काचेपलीकडे फायली घेऊन चाललेला शिपाई दिसला.

"सर, गहाळ म्हटलं की विचारतात कागद कोण नेत होतं. कचेरीत कागद एकच माणूस नेतो."

प्राचार्यांनीही काचेकडे पाहिलं. टेबलावरचा कागद पुन्हा वाचला. रागावलेले दिसत नव्हते. जरा चक्रावले होते.

"एक सांगा काका. तेवीस वर्षांत किती अर्ज ठेवलेत असे?"

"मोजले नाहीत."

"परत किती जण आले?"

"आले ते लक्षात आहेत, सर. प्रयोगशाळेचे दोघे, ग्रंथालयातली ताई, तो खेळांचा मास्तर..." काका बोटांवर मोजत राहिले आणि मध्येच थांबले. "जे आले नाहीत, त्यांचं काय झालं, ते मला माहीत नाही."

हे वाक्य तोंडातून निघेपर्यंत त्यांनाही ते माहीत नव्हतं. कोणाची बस चुकली असेल. कोणाचा प्रवेश हुकला असेल. कोणी न विचारताच पुढच्या बैठकीची वाट बघत बसलं असेल, आणि काका खिडकीजवळ बसून आपण चार माणसांचं भलं करतो म्हणून खूश.

प्राचार्यांनी कागदावर सही केली. "फिरवा. आणि समज द्यावी लागेल तुम्हाला. लेखी."

"द्या, सर. पण लगेच द्या. ठेवू नका."

फायली एरवी शिपाई नेई. ही फाइल काकांनी स्वतः नेली. पाच सदस्य, चार मजले, एक घरी आजारी. बुधवारी पाचवी सही झाली. त्याच दुपारी आदेश निघाला. काका तो घेऊन वर्गाबाहेर उभे राहिले. तास संपायला बारा मिनिटं होती. त्यांनी ती घड्याळात पाहिली.

बाईंनी आदेश वाचला. खाली जोडलेली लाल टिपणीही वाचली. दोनदा.

"काका, हे लिहिलं नसतं तरी चाललं असतं ना?"

"चाललं असतं."

"मग?"

"थोरल्याने विचारलं होतं, रजा मिळेल ना म्हणून."

बाईंचा हात पर्सकडे गेला. वही काढावी की नाही, असं त्यांना झालेलं दिसलं. शेवटी काढली नाही.

महिनाअखेर अधीक्षकाच्या खुर्चीत चष्मेवाला बसला. त्याने सगळ्या कचेरीला चहा दिला. काकांनी नवा शर्ट घालूनच तो प्यायला. शिपाई मात्र प्यायला नाही. दाराआडची ती गोष्ट त्याला कशी कळली, कोण जाणे. तो काकांच्या टेबलाशी आला, आखूड पायाचं स्टूल उलटं केलं, त्या पायाखाली लाकडाची चकती ठोकली आणि सरळ करून त्यावर बसला.

"नऊ वर्षं झाली याला," तो म्हणाला. "कोणी विचारलं तर सांगा."

काकांनी खालचा खण रिकामा केला. आता अर्ज आला की आधी शिक्का पडतो. मग काका चष्म्यावरून बघतात. "तीन दिवस थांबवू का? ठेवा म्हटलंत तर ठेवीन. न्यायला या." बहुतेक लोक नाही म्हणतात. काही घुटमळतात. काहीजण, विशेषतः तावातावाने आलेले, अचानक गप्प होतात आणि म्हणतात, "ठेवा." कोण काय म्हणालं, ते काका एका वहीत लिहितात.

एक तारखेला सकाळी ते पुन्हा मालधक्क्यावर गेले. अर्ध्या दिवसाची रजा टाकून. बाई घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर वही. थोरला शेजारच्या खांबाला टेकलेला, कमरेला पट्टा.

"काका, तुम्ही?" बाईंनी घड्याळ पाहिलं. "सहा चाळीस."

"मला नका लिहू, मॅडम. मी बघायला आलोय."

"काय बघायला?"

काका ओट्यावर बसले. पाय खाली सोडले. रूळ रिकामे होते.

"सात तास कुठे जातात ते," काका म्हणाले, आणि बाकी सगळ्यांसारखे रुळांकडे बघू लागले.